दुसऱ्या गल्लीतला अर्धा र आणि लिनक्सचा सोर्स कोड

“सर, लिनक्स ओपन सोर्स आहे म्हणतात, मग तो सोर्स दिसतो कुठं?” असं विचारणाऱ्या पोरांच्या डोक्यात बहुतेक वेळा एक भलीमोठी झिप फाइल असते. ती उतरवली, उघडली, की आख्खं डेबियन नाहीतर मिंट समोर. तसं काही नसतं. डिस्ट्रिब्युशन, म्हणजे डेबियन, मिंट अशी लिनक्सची तयार बांधणी, हे हजारो पॅकेजांचं असतं. प्रत्येकाचा सोर्स, म्हणजे प्रोग्रॅमरनं लिहिलेला मूळ कोड, वेगळा, लिहिणारे वेगळे, बऱ्याचदा परवानाही वेगळा. सगळं एकदम बघायला निघालात तर तासाभरात कंटाळाल. त्यापेक्षा आपल्याच मशिनवरची, आपल्याला रोज लागणारी एखादी फाइल पकडावी आणि तिचा माग काढत जावं.

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं छोटं दुकान आहे. जुन्या मशिनींवर लिनक्स मिंट किंवा डेबियन बसवून द्यायचं आणि नंतर निस्तरायचं, हा धंदा. गिऱ्हाईक म्हणजे पतसंस्था, क्लासवाले आणि लग्नपत्रिका, हँडबिलं करणारे डीटीपीवाले. त्यातल्या एका ताईंनी एकदा विचारलं, “दादा, ‘दुसऱ्या गल्लीत’ मधला अर्धा र कुठल्या बटणावर ठेवलाय हो? आणि तिथं ठेवला कुणी?” पहिल्याचं उत्तर सोपं आहे. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी ‘जे’चं बटण दाबायचं, मग हलन्तासाठी डी, मग य. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र सोर्स उघडावा लागतो. शिकवायला हेच उदाहरण मी वापरतो, कारण फाइल लहान आहे, नुसती वाचता येते, आणि सी भाषेचं एक अक्षर न येणाऱ्यालाही कळते.

आधी एक सांगून ठेवतो. कमांड इथं उच्चाराप्रमाणं लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, त्या इंग्रजीत टाकायच्या, आणि मी ‘कॅपिटल’ म्हणेन तेवढी अक्षरं सोडून बाकी सगळी लहान.

सुरुवात फाइलीपासून. कीबोर्डचे नकाशे यूएसआर, शेअर, एक्स११, एक्सकेबी, सिम्बॉल्स या वाटेवर असतात. एक्स११ मधला एक्स कॅपिटल. तिथं देशागणिक एक फाइल आहे आणि भारताच्या फाइलीचं नाव फक्त ‘इन’. ती कुठल्या पॅकेजनं आणली ते असं विचारायचं, यातला एस कॅपिटल:

डीपीकेजी -एस /यूएसआर/शेअर/एक्स११/एक्सकेबी/सिम्बॉल्स/इन

उत्तर येतं, एक्सकेबी-डेटा. इथं थांबून लगेच नेटवर ‘एक्सकेबी-डेटा सोर्स’ शोधायला जाऊ नका. मशिनवर बसतं ते बायनरी पॅकेज, म्हणजे चालवायला तयार रूप. ते ज्यातून तयार झालं ते सोर्स पॅकेज, आणि दोघांची नावं एकच असतील असं नाही. एका सोर्समधून कधी एक बायनरी निघतं, कधी पन्नास. म्हणून पुढची कमांड:

ॲप्ट शो एक्सकेबी-डेटा

यात ‘सोर्स’ अशी एक ओळ दिसेल आणि तिच्यापुढं एक्सकीबोर्ड-कॉन्फिग. हे खरं नाव. ही ओळ दिसलीच नाही तर समजायचं की दोन्ही नावं सारखीच आहेत.

आता व्हर्जन. ‘ॲप्ट पॉलिसी एक्सकेबी-डेटा’ म्हटलं की बसवलेलं व्हर्जन कळतं. डेबियन १२ वर ते २.३५.१-१ असं आहे. शेवटच्या हायफनच्या आधीचं सगळं मूळ प्रकल्पाचं, नंतरचा आकडा डेबियनचा: त्याच मूळ कोडवर डेबियननं कितव्यांदा हात फिरवला ते. तिथं ‘उबुंटू१’ असं शेपूट दिसलं तर डेबियनवर उभ्या असलेल्या उबुंटूनंही त्यात आपलं काही घातलंय. मिंट बरीचशी पॅकेजं उबुंटूकडून आहे तशी घेतं, पण स्वतःच्या पॅकेजांवर आपल्या आवृत्तीचं नाव टाकतं. मिंट २२ वर सिनॅमन या मिंटच्या डेस्कटॉपच्या व्हर्जनपुढं ‘+विल्मा’ असतं ते त्यामुळं. हे आकडे वाचायला शिका. नेटवर सापडलेला कोड आणि मशिनवर चालणारा कोड यांत सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या संकेतस्थळावर, दिसतो तो मूळ प्रकल्पाचा आजचा कोड. आपल्या मशिनवर आहे तो कदाचित दोन वर्षांपूर्वीचा, वर डिस्ट्रिब्युशनचे चार पॅच, म्हणजे छोटे बदल, लावलेला.

सोर्स उतरवायच्या आधी एक परवानगी चालू करावी लागते, कारण सामान्य वापरणाऱ्याला सोर्स लागत नाही म्हणून ती बहुधा बंद असते. मिंटवर सॉफ्टवेअर सोर्सेस उघडा आणि सोर्स कोड रिपॉझिटरीजचं बटण चालू करा, संपलं. उबुंटू २४.०४ वर ईटीसी, ॲप्ट, सोर्सेस.लिस्ट.डी या फोल्डरात उबुंटू.सोर्सेस नावाची फाइल आहे. तिच्यात ‘टाइप्स: डेब’ अशा ओळी दिसतील, प्रत्येकीत डेबनंतर जागा सोडून ‘डेब-एसआरसी’ लिहायचं. जुन्या पद्धतीची सोर्सेस.लिस्ट असेल तर डेबनं सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीची एक प्रत करून तिच्या सुरुवातीला डेब-एसआरसी करायचं. मग सुडो ॲप्ट अपडेट (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकारानं). हे राहिलं तर ॲप्ट स्वच्छ शब्दांत सांगतं की डेब-एसआरसीचे पत्ते घाल. त्याच वेळी डीपीकेजी-डेव्ह हे पॅकेजही बसवून घ्या. नाहीतर फाइली उतरतील, पण उलगडणार नाहीत.

आता होम फोल्डरात एक रिकामा फोल्डर करा, त्यात जा आणि म्हणा:

ॲप्ट सोर्स एक्सकीबोर्ड-कॉन्फिग

सुडो लावू नका. आमच्याकडं येणारी निम्मी पोरं सवयीनं प्रत्येक कमांडीला सुडो लावतात आणि मग स्वतःच्याच फोल्डरातली फाइल बदलता येत नाही म्हणून ओरडतात. नावाच्या जागी एक्सकेबी-डेटा लिहिलंत तरी ॲप्ट समजून घेतं आणि ‘त्याऐवजी एक्सकीबोर्ड-कॉन्फिग घेतो’ असं कळवतं. नेमकं व्हर्जन हवं असेल तर नावाला चिकटून बरोबरचं चिन्ह आणि पुढं व्हर्जन लिहायचं. न लिहिल्यास यादीतलं नवं मिळतं, आणि ते तुमच्या मशिनवरचंच असेल असं नाही.

फोल्डरात तीन फाइली आणि एक उलगडलेला फोल्डर दिसेल. ‘ओरिग’ असं नाव असलेला टारबॉल (फाइलींचं गाठोडं) म्हणजे मूळ प्रकल्पाकडून आलेला माल. दुसरी फाइल डेबियनच्या बदलांची. नव्या पद्धतीत ती ‘डेबियन.टार’ असते, जुन्या पद्धतीत ‘डिफ’. तिसरी, डीएससी, ही छोटीशी फाइल म्हणजे पावती: कुठल्या फाइली, त्यांचे आकार, त्यांचे शा-२५६ चेकसम (फाइल बदललेली नाही हे पडताळायचे आकडे), आणि खाली पॅकेज चढवणाऱ्याची डिजिटल सही. उद्यमनगरात इंजिन खोलणारा मिस्त्री मूळ पार्ट आणि नंतर कुणीतरी लेथवर फिरवून बसवलेला पार्ट वेगवेगळ्या ट्रेत ठेवतो, तशीच ही मांडणी. कंपनीचं काय आणि मधल्या माणसाचं काय, हे कधीच मिसळत नाही.

उलगडलेल्या फोल्डरात सिम्बॉल्स आहे, त्यात आपली ‘इन’ फाइल. त्यात शोधा, यू कॅपिटल:

ग्रेप -एन यू०९३१ सिम्बॉल्स/इन

०९३१ हा ऱ या अक्षराचा युनिकोड क्रमांक. ओळ सापडते ती अशी: एसी०७ या बटणावर यू०९३० आणि यू०९३१. एसी०७ म्हणजे मधल्या रांगेतलं सातवं बटण, ए पासून मोजा, ‘जे’ हे अक्षर येतं. पहिला क्रमांक साधं बटण दाबल्यावरचा, र. दुसरा शिफ्टसकटचा, ऱ. याच पद्धतीनं यू०९३३ शोधा, म्हणजे रंकाळा आणि पन्हाळा लिहायला लागणारा ळ सापडेल: खालच्या रांगेतलं सहावं बटण, एन, शिफ्टवर. ग्रेप एकाच ओळीवर थांबणार नाही, कारण याच फाइलीत भारतातल्या इतर मांडण्यांचे नकाशेही आहेत. त्यात ‘मार-कगप’ नावाचा मराठीचा उच्चारानुसारी नकाशाही आहे. तो उघडलात तर गंमत दिसेल. हिंदीचा कगप नकाशा ‘इन्क्लूड’ करून वर मराठीचं नाव घातलंय, बस्स.

आणि ताईंचा दुसरा प्रश्न, ठेवला कुणी? इन्स्क्रिप्ट ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ मध्ये प्रमाण केली, आणि १९९१ च्या भारतीय मानक १३१९४ मध्ये ती आली. एक्सकेबीवाल्यांनी, म्हणजे हे कीबोर्डचे नकाशे लिहिणाऱ्यांनी, ती फक्त या फाइलीत उतरवली. कुठली ओळ कुणी, कधी लिहिली हे बघायचं तर टारबॉल पुरत नाही, इतिहास लागतो. मूळ प्रकल्पाचं गिट भांडार, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा कोडचा साठा, फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाच्या गिटलॅब संकेतस्थळावर आहे. ते क्लोन करून (आपल्याकडं उतरवून) ‘गिट ब्लेम सिम्बॉल्स/इन’ म्हटलं की प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला नाव आणि तारीख येते. डेबियनचं पॅकेजिंग कुठल्या भांडारात आहे ते तर ॲप्ट सोर्स चालवतानाच छापून देतं. बहुतेक वेळा सॅल्सा, म्हणजे डेबियनचं स्वतःचं गिटलॅब.

आता ‘डेबियन’ नावाच्या उपफोल्डराकडं वळू. माझ्या मते नवशिक्यानं खरा वेळ इथं घालवावा, कारण डिस्ट्रिब्युशननं स्वतः काय केलं ते फक्त इथं दिसतं. कंट्रोल फाइलीत या सोर्समधून कोणकोणती बायनरी पॅकेजं निघतात आणि बांधायला काय काय लागतं. रूल्स म्हणजे बांधण्याची कृती, ती मेकफाइल असते. कॉपीराइटमध्ये कुठली फाइल कुठल्या परवान्याखाली. चेंजलॉग तर गोष्टीसारखा वाचावा, वरून खाली गेलं की काळ मागं जातो. तो वाचायला सोर्ससुद्धा लागत नाही, ‘ॲप्ट चेंजलॉग’ आणि पॅकेजचं नाव एवढं पुरतं.

पॅचेस हा फोल्डर असेल तर सोनं. त्यातल्या सिरीज नावाच्या फाइलीत पॅच कुठल्या क्रमानं लावायचे याची यादी असते. चांगल्या पॅचच्या डोक्यावर वर्णन, लेखक, कुठल्या बगसाठी, आणि मूळ प्रकल्पाकडं पाठवला का, हे लिहिलेलं असतं. नव्या पद्धतीच्या पॅकेजात उलगडलेल्या फोल्डरात हे पॅच आधीच लावलेले असतात, म्हणजे तुम्ही वाचताय तो कोड डेबियनचा, मूळ लेखकाचा नव्हे. शुद्ध मूळ हवं तर ओरिग टारबॉल वेगळा उलगडा. पतसंस्थेच्या प्रिंटरचं काही अडलं की मी आधी कप्स या छपाईच्या पॅकेजाचे पॅच आणि चेंजलॉग चाळतो, मग नेटवर शोधतो. निम्म्या वेळा उत्तर तिथंच असतं.

हे सगळं लिनक्स मशिन नसतानाही करता येतं, अगदी मोबाइलवर. सोर्सेस डॉट डेबियन डॉट ऑर्ग या ठिकाणी सोर्स पॅकेजचं नाव टाकलं की आवृत्त्यांची यादी येते आणि प्रत्येक फाइल ब्राउझरमध्ये वाचता येते. कोडसर्च डॉट डेबियन डॉट नेट याहून भारी आहे. तिथं एखादा शब्द किंवा रेग्युलर एक्स्प्रेशन (शोधायचा नमुना) टाका, डेबियनमधल्या सगळ्या पॅकेजांच्या सोर्समध्ये तो शोधून देतं. एखादा एरर मेसेज नेमका कुठल्या प्रोग्रॅममधून येतोय ते कळत नसेल तर तो तिथं चिकटवून बघा. आणि स्नॅपशॉट डॉट डेबियन डॉट ऑर्गवर २००५ पासूनची जुनी पॅकेजं सोर्ससकट जपून ठेवलेली आहेत.

मेन्यूतलं मराठी भाषांतर चुकलंय ही आमच्याकडची नेहमीची तक्रार. तो माग जरा वेगळ्या वाटेनं जातो. भाषांतरं पीओ फाइलींत असतात आणि मराठीची फाइल म्हणजे एमआर.पीओ. पण सिनॅमनच्या मेन्यूचं भाषांतर सिनॅमनच्या सोर्समध्ये शोधत बसू नका. ते सिनॅमन-ट्रान्सलेशन्स या वेगळ्या पॅकेजात आहे. उबुंटूवर बरीच भाषांतरं लँग्वेज-पॅक नावाच्या पॅकेजांत काढून ठेवलेली असतात. वारांची आणि महिन्यांची मराठी नावं तर तिसरीकडंच, ग्लिबसी या पायाभूत सी लायब्ररीच्या सोर्समधल्या एमआर_आयएन फाइलीत, भाषेचा कोड लहान आणि देशाचा कॅपिटल. डेट कमांड कोअरयुटिल्सची असली तरी तिनं छापलेला ‘मंगळवार’ तिचा नाही.

कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं, थोडक्यात. डेबियनमध्ये सोर्स पॅकेजचं नाव नुसतं लिनक्स. पण ते ॲप्ट सोर्सनं मागवण्याआधी नेटचा पॅक आणि डिस्कवरची जागा बघा, उलगडल्यावर एक जीबीच्या वर जातं. नुसतं वाचायचं असेल तर एलिक्झिर डॉट बूटलिन डॉट कॉम उत्तम: व्हर्जन निवडा, कुठल्याही फंक्शनवर क्लिक करा, ते कुठं लिहिलंय आणि कुठं कुठं वापरलंय ते दिसतं. तुमचं कर्नल कसं बांधलंय हे मात्र तुमच्याच मशिनवर, बूट फोल्डरातल्या कॉन्फिग नावाच्या फाइलीत. एखाद्या ड्रायव्हरपुढं वाय असेल तर तो कर्नलच्या आतच आहे, एम असेल तर मॉड्यूल, म्हणजे गरजेला जोडला जाणारा वेगळा तुकडा, आणि ‘इज नॉट सेट’ असेल तर सोर्समध्ये कितीही असो, तुमच्याकडं तो नाही.

फेडोरावर नावं बदलतात, वाट तीच. आरपीएम -क्यूएफ आणि फाइलीचा पत्ता म्हटलं की पॅकेज कळतं, ‘डीएनएफ डाउनलोड --सोर्स’ म्हटलं की एसआरसी.आरपीएम उतरतं. त्यातली स्पेक फाइल म्हणजे कृती. एसआरसी डॉट फेडोराप्रोजेक्ट डॉट ऑर्गवर गेलात तर स्पेक आणि पॅच दिसतात, पण कोड दिसत नाही. तिथल्या सोर्सेस फाइलीत फक्त टारबॉलचं नाव आणि हॅश (चेकसम) असतो, टारबॉल दुसरीकडं ठेवलेला असतो. आर्चवरही पीकेजीबिल्डमध्ये कृती आणि कोडचा पत्ता एवढंच. रेड हॅटनं जून २०२३ मध्ये जाहीर केलं की आरएचईएलशी, म्हणजे त्यांच्या गिऱ्हाइकांना विकल्या जाणाऱ्या लिनक्सशी, संबंधित सोर्स लोकांसाठी फक्त सेंटओएस स्ट्रीममधून येईल, त्यामुळं आरएचईएलच्या नेमक्या व्हर्जनचा सोर्स गिऱ्हाईक नसलेल्याला पूर्वीसारखा सहज मिळत नाही.

एवढं सगळं कशाला, गिटहबवर बघितलं की झालं, असं म्हणणाऱ्यांना मी एक्सझीची गोष्ट सांगतो. एक्सझी ही फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी, जवळपास प्रत्येक लिनक्सवर असते. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस्क्यूएलच्या प्रोग्रॅमरनं जाहीर केलं की तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. डेबियनच्या अनस्टेबल, म्हणजे अजून घडत असलेल्या, शाखेवर एसएसएच (दुरून मशिनवर शिरायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो खोदत गेला. आता बघा: दरवाजाचा माल चाचणीच्या बायनरी फाइलींत दडवून गिटमध्ये होता, पण बांधताना तो बाहेर काढणारी बिल्ड-टू-होस्ट.एम४ या फाइलीतली करामत गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये होती. डिस्ट्रिब्युशन बांधत होते ते टारबॉलवरून. गिटहबवर डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्याला नेमकी तीच ओळ दिसली नसती. डेबियनच्या स्टेबल शाखेत या आवृत्त्या पोचल्याच नव्हत्या. अनस्टेबलमध्ये घाईनं जुना कोड परत घातला, त्याचं व्हर्जन ५.६.१+रिअली५.४.५-१ असं आहे. मशिनला वाटावं पुढचं, माणसाला कळावं मागचं.

हीच तपासणी तुम्हीही करू शकता. ओरिग टारबॉल एका फोल्डरात उलगडा, दुसऱ्यात मूळ भांडाराचा त्याच व्हर्जनचा टॅग, म्हणजे खूण लावलेली आवृत्ती, चेकआउट करा (बाहेर काढा), आणि दोन्हींवर ‘डिफ -आरक्यू’ चालवा. टारबॉलमध्ये जास्तीच्या फाइली दिसल्या की लगेच घाबरू नका. कॉन्फिगर स्क्रिप्टसारख्या काही फाइली प्रकाशित करताना आपोआप तयार करून घातल्या जातात, तशी जुनी रीतच आहे. एक्सझीवाल्यानं नेमका याच रीतीचा आडोसा घेतला होता. जास्तीची फाइल कुठून आली हे सांगता येत नसेल, तर तिच्यावर बोट ठेवायचं.

राउटर, टीव्ही, सेट-टॉप बॉक्स यांतही लिनक्स असतं आणि त्यांना ॲप्ट नसतं. तिथं परवाना कामाला येतो. कर्नल जीपीएल या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. ही आवृत्ती १९९१ ची. तिच्या तिसऱ्या कलमाप्रमाणं नुसती बायनरी विकणाऱ्या कंपनीनं एकतर सोर्स सोबत द्यायचा, किंवा किमान तीन वर्षं चालेल असा लेखी प्रस्ताव द्यायचा, आणि पैसे घ्यायचे तर प्रत पोचवण्याच्या खर्चापुरतेच. म्हणून खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद फेकू नका, आणि सेटिंगमधलं कायदेशीर माहितीचं पान उघडून बघा. कंपनीला लिहिताना मॉडेल, फर्मवेअरचं नेमकं व्हर्जन आणि ‘या व्हर्जनशी जुळणारा पूर्ण सोर्स, बांधायच्या स्क्रिप्टसकट’ एवढं तरी लिहा. नुसतं ‘सोर्स पाठवा’ लिहिलं तर एका कंपनीनं मला कर्नलच्या संकेतस्थळाची लिंक पाठवली होती. त्यात त्यांच्या राउटरचं काहीच नव्हतं, आणि परवाना मागतो ते हे नव्हे असं उलट लिहिल्यावर आठवड्याभरानं टारबॉल आला.

वाचता वाचता काही बदलावंसं वाटलं तर यूएसआर फोल्डरातल्या फाइलीला थेट हात लावू नका, पुढच्या अपडेटला तो बदल उडतो. सोर्सच्या फोल्डरात बदल करा, ‘सुडो ॲप्ट बिल्ड-डेप’ आणि सोर्सचं नाव लिहून लागणारं सामान आणा, मग फोल्डराच्या आत ‘डीपीकेजी-बिल्डपॅकेज -यूएस -यूसी -बी’. डेब फाइली एक पायरी वर तयार होतात. बदल सगळ्यांच्याच कामाचा असेल तर कीबोर्डच्या बाबतीत फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घ्या अशी विनंती, टाका. बिघाड डेबियनच्याच पॅचमुळं असेल तर डेबियनकडं, रिपोर्टबग या कमांडनं. कुणाकडं जायचं ते पॅचेस फोल्डर बघितल्याशिवाय ठरवू नका, नाहीतर दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात.